सेंगकांगमधली दीड फेरी

सेंगकांगला राहायला आलो तेव्हा मंडळाच्या ओळखीतल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला होता : "इतक्या लांब?" सिंगापुरात 'लांब' म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नको. कोथरूडहून हडपसरला रोज कामाला जाणारा पुणेकर ज्याला 'जवळच' म्हणेल, त्याला इथे लांब म्हणतात. आता लेक इथल्याच शाळेत माध्यमिकला आहे, आणि आम्हाला कोणी "सेंगकांगमध्ये पाहण्यासारखं काय आहे हो?" असं विचारलं की आम्ही एकमेकांकडे बघतो. मर्लायन नाही, बागा नाहीत, कॅसिनो नाही. पण यंदा फेब्रुवारीत आम्ही हे गाव रस्ता न् रस्ता, सिग्नल न् सिग्नल पाहिलं, आणि तेही ताशी चाळीसच्या वेगाने, कान टवकारून. कारण झाली आमची स्कूटर.

आधी गावाबद्दल थोडं. सेंगकांग या चिनी नावाचा अर्थ भरभराटीचं बंदर. बंदर मात्र कुठे दिसत नाही. दिसतात त्या एकाला एक लागून उभ्या असलेल्या इमारती आणि त्यांच्या मधून, डोक्यावरच्या काँक्रीटच्या पुलावरून, ड्रायव्हरशिवाय घरंगळत जाणारी छोटी गाडी. पूर्वी अप्पर सेरांगून रोड जिथे संपतो तिथे, सेरांगून नदीच्या काठी, कांगकार नावाचं मच्छीमारांचं गाव होतं. तिओच्यू बोलणारी माणसं, होड्या आणि मासळीबाजार. ते गेलं, आणि 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारी इमारतींचं नवं गाव उभं राहायला लागलं. त्या दर्यावर्दी दिवसांची आठवण म्हणून भागांची नावं ठेवली : कंपासवेल, अँकरवेल, रिव्हरवेल. फर्नवेलही आहे. होकायंत्र, नांगर, नदी यांच्या पंगतीत फर्नचं पान कुठून येऊन बसलं, ते आम्हाला अजून उमगलेलं नाही.

बाबांना ही नावं फार आवडली. "गुळवेल, गारवेल, तशी तुमची कंपासवेल," ते म्हणाले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी एलआरटीत अगदी पुढची जागा पकडून पूर्वेकडची अख्खी चक्कर मारली. ही चक्कर 2003 साली सुरू झाली, पश्चिमेकडची 2005 साली. परत आल्यावर त्यांचा अभिप्राय एकच : "गाडी छान आहे, पण चालवणारा नाही म्हणजे भांडायचं कोणाशी?"

बाबा आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. वय 79. मुक्काम सातारा. डाव्या कानाला यंत्र.

आणि स्कूटर ही 1998 साली सिंगापुरात नोंदवलेली व्हेस्पा पीएक्स 150. आम्ही ती दुसऱ्या मालकाकडून घेतली, दुचाकीचा सीओई अजून माणसाच्या आवाक्यात होता तेव्हा. (2022 साली त्याने बारा हजार डॉलरची रेषा ओलांडली. त्या किमतीत आम्ही सायकलसुद्धा घेतली नसती.) का घेतली, याचं खरं कारण सांगायचं तर आम्हा दोघांच्याही लहानपणात एकेक स्कूटर उभी होती. एकाच्या घरी साताऱ्याची प्रिया, दुसरीच्या घरी पुण्याची चेतक. दोघांनीही पुढे पायाजवळ उभं राहून, हँडलला धरून, तोंडावर वारा घेत प्रवास केला होता. आजच्या नियमात ते बसणार नाही. पण तेव्हा आख्खा महाराष्ट्र असाच फिरत होता : पुढे धाकटा, मागे थोरला, त्यामागे आई आणि तिच्या मांडीवर बाजारची पिशवी.

नव्या पिढीसाठी सांगायला हवं. बजाजने इटलीच्या पियाजिओशी करार करून व्हेस्पा बनवायला सुरुवात केली. करार 1971 साली संपला आणि 1972 साली त्याच जातकुळीची चेतक आली. साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना निघाला, बजाज आणि सरकारचं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीतला. तिथे प्रिया तयार व्हायची. म्हणजे गावातच कारखाना. पण म्हणून गावकऱ्याला स्कूटर लवकर मिळेल असं मुळीच नाही. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. परदेशातला कोणी नातेवाईक परकीय चलनात पैसे भरणारा असला तर मात्र गाडी लगेच. बाबांचे परदेशात कोणी नव्हते. त्यांनी लग्नाआधी नंबर लावला आणि स्कूटर आली तेव्हा घरात दोन मुलं होती. "आता माझी मुलं परदेशात आहेत आणि स्कूटरला रांग नाही," असं ते हसत म्हणतात. त्या हसण्यावर आम्ही सहसा काही बोलत नाही.

ती प्रिया अजून आहे. दर रविवारी सकाळी अंगणात फडकं पसरायचं, त्यावर पाना, पकड, स्क्रूड्रायव्हर आणि वाटीभर रॉकेल. कार्बोरेटर उघडायचा, जेट काढायचा, रॉकेलात बुडवून फुंकर मारायची, डोळ्याला लावून सूर्याकडे धरायचा. भोकातून उजेड गोल दिसला पाहिजे. "जेटमध्ये तार घालायची नाही, पितळ आहे, भोक मोठं होतं," हे वाक्य आम्ही बाराखडीच्या आधी शिकलो. मग किक. मग 'स्लो लावणं'. बाबा एक डोळा मिटून, मान तिरकी करून ऐकत राहायचे आणि मिक्श्चरचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे. शेजारचे काकाही आपली गाडी घेऊन यायचे : "जरा कान लावा हो." बाबा जिल्हा परिषदेत कारकून होते, मेकॅनिक नव्हते. पण आमच्या गल्लीत त्यांची खरी पत ती होती.

तर या बाबांनी आमची पीएक्स पाहिली. खालच्या पार्किंगमध्ये तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, सीटखालच्या तेलाच्या वेगळ्या टाकीकडे संशयाने पाहिलं (प्रियात पेट्रोलमध्ये तेल हाताने मोजून घालायचं, इथे गाडी स्वतःच मिसळते, हे त्यांना आळशीपणाचं वाटलं), किक मारायला लावली आणि पाचव्या सेकंदाला म्हणाले, "ही पेट्रोल जास्त पितेय. वास बघा."

आम्ही म्हटलं, "बाबा, जुनी गाडी आहे. असा वास यायचाच."

तीन आठवड्यांनी गाडी वार्षिक तपासणीत नापास झाली.

इथे थांबून नियम सांगायला हवा, कारण या लेखातलं सगळं दुखणं तिथेच आहे. 1 जुलै 2003 च्या आधी नोंदवलेल्या दुचाक्यांबद्दल सिंगापूर सरकारने एप्रिल 2018 मध्ये जाहीर केलं की, पाच वर्षांच्या आत गाडी मोडीत काढली तर साडेतीन हजार डॉलरपर्यंत रक्कम मिळेल. ज्यांनी ठेवली त्यांना 6 एप्रिल 2023 पासून धुराचा कडक नियम : कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांच्या आत, आणि टू-स्ट्रोक गाडीला हायड्रोकार्बन 7,800 पीपीएमच्या आत. आणि 30 जून 2028 नंतर या गाड्या रस्त्यावर आणायच्याच नाहीत. 'क्लासिक' म्हणून नोंद झालेल्या तेवढ्या वगळून. पण त्यासाठी गाडीचं वय किमान 35 हवं, आणि मग ती वर्षातले ठरावीक दिवसच बाहेर काढता येते. आमची पीएक्स 2028 साली तीस वर्षांची होईल. पाच वर्षांनी हुकलं. म्हातारी व्हायला तिने थोडी आधी सुरुवात करायला हवी होती.

आम्ही त्या वेळी रक्कम घेतली नाही. त्यावर घरात बोलणं झालं होतं, थोडं कडकही झालं. आमच्यापैकी एकाचं म्हणणं, ही हौस आहे आणि हौसेला हिशेब नसतो. दुसरीचं म्हणणं, दहाव्या मजल्यावरच्या खिडकीत बाळ झोपलेलं असेल तर त्याला आपल्या हौसेचा धूर का? दोन्ही म्हणणी खरी होती आणि आहेत. टू-स्ट्रोक इंजिनाची मूळ खोडच अशी आहे की जळलेला वायू बाहेर जात असताना न जळलेलं पेट्रोलही थोडं त्याच्यासोबत निसटतं. कितीही प्रेम केलं तरी ते निसटतंच. शेवटी ठरलं ते असं : जोवर ती तपासणीत प्रामाणिकपणे पास होते तोवर ठेवायची, एकदा का होईना झाली म्हणजे बस.

आणि आता ती झाली नव्हती. कार्बन मोनॉक्साइड पाचाच्या वर. बाबांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "स्क्रूड्रायव्हर द्या."

पण सिंगापुरात स्क्रूड्रायव्हर देणं इतकं सोपं नाही. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायची नाही, हा नियम. उभ्या गाडीचं इंजिन विनाकारण चालू ठेवायचं नाही, हा दुसरा. त्याला दंड आहे. आणि मिक्श्चर लावायचं तर इंजिन गरम करून दहा मिनिटं उभ्या उभ्या चालू ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. बाबांना हे पटेना. "स्वतःच्या गाडीला हात लावायचा नाही?" आम्ही वर बघून खिडक्या दाखवल्या. चौदा मजले, मजल्यागणिक आठ बिऱ्हाडं, कठड्यांवर वाळत टाकलेले कपडे. ते बराच वेळ बघत राहिले. "अंगण नाही, हे विसरलो," एवढंच म्हणाले.

मग गाडी नेली जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये. मालक साठीपुढचे चिनी अंकल, हाफ पँट, पायात रबरी चपला, भिंतीवर चारदोन जुन्या व्हेस्पांचे पत्रे टांगलेले. त्यांच्याकडे धूर मोजायचं यंत्र होतं. सायलेन्सरमध्ये नळी घातली, आकडे हलले, अंकल म्हणाले, "टू रिच, लाह."

बाबांना एवढं इंग्रजी कळतं. "रिच! अरे, आयुष्यात पहिल्यांदा कोणी आपल्याला श्रीमंत म्हणालं."

ज्यांनी कधी कार्बोरेटर उघडलेला नाही त्यांच्यासाठी : पेट्रोल नुसतं जळत नाही, हवेत मिसळून जळतं. एक ग्रॅम पेट्रोलला सुमारे 14.7 ग्रॅम हवा, हे पुस्तकातलं प्रमाण. पेट्रोल जास्त झालं की मिश्रण 'रिच'. जळायला प्राणवायू पुरत नाही, अर्धवट जळलेला कार्बन मोनॉक्साइड होऊन बाहेर पडतो, प्लग काजळतो, गाडी सुस्त होते. हवा जास्त झाली की 'लीन'. धूर कमी, पण इंजिन तापतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये ताप हाताबाहेर गेला तर पिस्टन सिलिंडरला चिकटून बसतो. म्हणून नुसत्या तपासणीपुरता स्क्रू आवळून गाडी पास करून घेणं हे परीक्षेपुरतं उपाशी ठेवण्यासारखं झालं. स्क्रू आत आवळला की लीन, बाहेर सोडला की रिच. पूर्ण आत बसवायचा (हलक्या हाताने, नाहीतर टोक चेपतं), तिथून मोजून साधारण दीड-दोन फेऱ्या सोडायचा, आणि मग ऐकत ऐकत मध्य शोधायचा. आत नेताना इंजिन अडखळतं, बाहेर नेतानाही अडखळतं. त्या दोन अडखळण्यांच्या मध्ये एक जागा असते तिथे ते सुखाने गुणगुणतं.

अंकलनी स्क्रू पाव फेरी आवळला. आकडा तोच. अर्धी आवळला. तोच. पाऊण. इंजिनाच्या आवाजातही फरक नाही. अंकलनी मान हलवून मोठी यादी सांगायला सुरुवात केली : कार्बोरेटर नवा, सील नवे, कदाचित इंजिन खाली उतरवावं लागेल. आम्ही मनातल्या मनात डॉलर मोजत होतो. आमच्यापैकी जिला धुराची काळजी होती, तिने ठरल्या वचनाची आठवण करून द्यायला तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात बाबांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. "याच्यात सगळं चर्र चर्र ऐकू येतं," म्हणाले. त्यांनी टेबलावरचा लांब स्क्रूड्रायव्हर उचलला, टोक कार्बोरेटरच्या पेटीला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला. हवेतून न येणारा आवाज हाडातून येतो. साताऱ्याच्या अंगणातला मिटलेला डोळा, तिरकी मान, सगळं तसंच. फक्त केस पांढरे आणि पाठीमागे चिनी रेडिओ.

"स्क्रूचा काही दोष नाही," ते म्हणाले. "स्क्रू फिरवूनही फरक पडत नाही म्हणजे पेट्रोल त्या वाटेने येतच नाहीये. दुसरी कुठली तरी वाट उघडी आहे. चोक बघा."

हे आम्ही अंकलना सांगितलं. अंकल म्हणाले, चोक बंद आहे, दांडी आत आहे. बाबा म्हणाले, दांडी आत असेल, टिकली बसलीय का ते बघा. मराठी, इंग्रजी आणि अंकलची होक्कियन अशी तीन भाषांत पाचेक मिनिटं झकाझकी झाली. मग बाबांनी तर्जनी आणि अंगठ्यामध्ये एक अदृश्य टिकली धरून ती तळहातावर दाबून दाखवली, आणि अंकलच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "आऽऽ," ते म्हणाले, आणि पाना घेऊन खाली बसले.

चोक म्हणजे गार इंजिनाला सकाळी जास्तीचं पेट्रोल पाजायची एक वेगळी वाट. आतल्या दांड्याच्या टोकाला रबराची छोटी टिकली असते; चोक बंद केला की ती टिकली वाट झाकते. आमच्या गाडीतली टिकली वयाने दगडासारखी टणक झाली होती आणि एका कडेने तुटली होती. म्हणजे बंद चोकमधूनही पेट्रोल चोवीस तास झिरपत होतं. आम्ही वर्षभर जो 'जुन्या गाडीचा वास' म्हणत होतो तो हा. टिकली बदलायला फारसा खर्च आला नाही. एअर फिल्टरची जाळी तेलाने चिकटली होती, तीही धुतली.

आता स्क्रू बोलायला लागला. बाबांनी कानाने लावला : पावणेदोन फेऱ्या. इंजिन असं एकसारखं चालायला लागलं की अंकलनीसुद्धा अंगठा वर केला. यंत्रावर बघितलं तर साडेतीनच्या जवळपास. नापास. अंकलनी यंत्राकडे बघत लावला : सव्वा फेरी. यंत्रावर झकास. पण रेस सोडल्यावर आवाज खाली यायला वेळ लावायचा, एखाद्या चिडक्या माणसासारखा. बाबांनी नाक मुरडलं. "कोरडी झाली." शेवटी दीड. आकडा तीनच्या आत, हायड्रोकार्बनही आत. कान अर्धा राजी, यंत्र पूर्ण राजी.

"पण रस्त्यावर बघितल्याशिवाय नाही," बाबा म्हणाले.

अशी आमची सेंगकांगची सहल सुरू झाली. पहिल्या दिवशी बाबा मागे बसले, हेल्मेटमध्ये, दोन्ही हात मांड्यांवर, कारण त्यांना पकडायला कमीपणा वाटतो. रिव्हरवेलहून निघायचं. तिथे वेलमुरुगनाचं देऊळ आहे. बाबांनी प्रत्येक फेरीला चालत्या गाडीवरून नमस्कार केला. मग कंपासवेलच्या सिग्नलला थांबायचं आणि आयडलिंग ऐकायचं. सिग्नल हिरवा झाला की हळूच रेस द्यायची : अडखळते का? जिथे मंद चालणारा जेट हात सोडतो आणि मोठा जेट हात धरतो, तिथली ती अर्ध्या सेकंदाची जागा बघायची. डोक्यावरून एलआरटी गेली की काही ऐकू येत नाही, म्हणून ती जाईपर्यंत थांबायचं. मागच्या टॅक्सीवाल्याला हे शास्त्र समजलं नाही.

अँकरवेल ओलांडून पुंगोल नदीवरच्या पुलावर आलं की रस्ता मोकळा. नदी आता नदी राहिलेली नाही, समुद्राकडचं तोंड बांधून तिचं गोड्या पाण्याचं धरण केलं आहे. त्या पाण्यावर 2010 साली केलेलं तरंगतं पाणवनस्पतींचं बेट आहे. झाडांची मुळं पाण्यातला कचरा गाळतात, वर बगळे बसतात. संध्याकाळी तिथे काठावर गाडी लावून बाबांनी प्लग काढायला लावला. गरम प्लग फडक्यात धरून त्यांनी तो नातीला दाखवला. काळाकुट्ट तेलकट असला तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असला तर कमी. तो होता चहात बुडवलेल्या मारी बिस्किटाच्या रंगाचा. "असा पाहिजे," बाबा म्हणाले.

लेकीने शाळेतलं ज्ञान बाहेर काढलं. "आजोबा, सातारा किती उंच आहे?" सुमारे सातशे मीटर. मग तिने फोनवर हिशेब करून सांगितलं की तिथली हवा इथल्यापेक्षा सहा-सात टक्के विरळ; म्हणजे तीच गाडी, तोच स्क्रू, साताऱ्याहून इथे आणली तर हवा जास्त मिळून लीन होईल. बाबांचे डोळे मोठे झाले. "म्हणून कासला चढताना प्रिया गुदमरायची! मी चाळीस वर्षं क्लचला शिव्या दिल्या." मग त्यांनी तिला आपला प्रश्न घातला : हल्ली भारतातल्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, तेव्हापासून प्रिया रेस धरून बसते, ते का? तिने पुन्हा फोन काढला. इथेनॉलच्या पोटात स्वतःचाच प्राणवायू असतो, त्यामुळे त्याच जेटमधून आलेलं मिश्रण लीन पडतं. बाबा म्हणाले, "मी जेट मोठा टाकलाय मागच्या वर्षी." कारण कळायच्या आधीच उपाय करून मोकळे. नात त्यांच्याकडे बघतच राहिली. आजोबा आणि नात यांच्यात एरवी "जेवलीस का", "अभ्यास झाला का" यापलीकडे गाडी जात नाही. त्या संध्याकाळी दोघं बगळे उडून गेले तरी प्लगवर बोलत बसले होते, तिच्या मोडक्या मराठीत आणि त्यांच्या मोडक्या इंग्रजीत.

फर्नवेलनंतर जालान कायु. तिथल्या पराठ्याच्या दुकानांना इथे सगळे ओळखतात. बाबांना ते 'पराटा' आहे की 'प्राता' यात रस नव्हता, सोबतच्या रश्शात होता. एकदा परतताना बुआंगकोकच्या बाजूने वळलो आणि त्यांना सिंगापूरच्या मुख्य बेटावर उरलेलं शेवटचं कांपोंग दाखवलं. पंचवीस-तीस घरं, पत्र्याची छपरं, दारात फुलझाडं, मोकळं फिरणारं कोंबडं, आणि सगळ्या बाजूंनी उंच इमारती. बाबांनी इंजिन बंद करायला सांगितलं. एका घराच्या दारात कोणीतरी मोपेड उलटी-सुलटी करून ठेवली होती, खाली वर्तमानपत्र पसरून त्यावर सुटे भाग. "हे बघा," बाबा हळू आवाजात म्हणाले, "याला अंगण आहे."

दुसऱ्या तपासणीत गाडी पास झाली. बाबा आत आले नाहीत, बाहेर बाकावर बसून राहिले. चिठ्ठी दाखवली तेव्हा आकडा नीट वाचला, दोनदा, आणि घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. आम्ही म्हटलं, "बाबा, ती गाडीच्या कागदांत लागेल." "झेरॉक्स काढून घ्या," म्हणाले. मूळ प्रत साताऱ्याला गेली.

2028 चं काय, हा प्रश्न त्यांनी जायच्या आदल्या रात्री काढला. आम्ही सांगितलं : मोडीत तरी काढायची, नाहीतर देशाबाहेर पाठवायची. "मग साताऱ्याला पाठवा, प्रियाशेजारी उभी राहील." आम्ही कस्टम, नोंदणी, जुन्या गाडीचे नियम असं काय काय सांगत बसलो. ते ऐकत होते की नव्हते कोण जाणे, यंत्र टेबलावर होतं. धुराची काळजी असलेल्या आमच्यापैकी एकीने त्या रात्री, तोवर कधी न बोललेली गोष्ट बोलून दाखवली : की तिलाही ती जायला नको आहे. आणि तरीही ती गेली पाहिजे, असंच तिचं मत आहे. यावर दुसऱ्याने वाद घातला नाही.

सकाळी विमानतळाकडे निघण्याआधी बाबा खाली गेले. इंजिनावरचं झाकण उघडून, आतल्या बाजूला, पत्र्यावर त्यांनी मार्करने लिहिलं : दीड फेरी, आणि खाली तारीख. प्रियाच्या झाकणाच्या आतही असंच आहे, वर्षागणिक एक ओळ, काही पुसट झालेल्या. त्यांनी पहिल्या ओळीखाली बोटाने जागा मोजली.

"अजून दोन ओळी बसतील," म्हणाले. "पुढच्या फेब्रुवारीचं तिकीट आत्ताच बघून ठेवा. आणि चोक सकाळी जास्त वेळ ओढून ठेवू नका."